एका कार्बनचं अंतर

टेस्टोस्टेरॉनच्या एका रेणूत कार्बनचे १९ अणू असतात आणि इस्ट्रॅडिऑलच्या रेणूत १८. पहिल्याला आपण पुरुषाचं संप्रेरक म्हणतो, दुसऱ्याला स्त्रीचं. दाढी-मिशी, जाड आवाज, रुंद खांदे यांचा संबंध एकाशी. मासिक पाळी, गर्भाशय, स्तन यांचा दुसऱ्याशी. आणि या दोघांमधला रासायनिक फरक किती? एक कार्बन आणि चार हायड्रोजन. एवढं अंतर कापायला शरीराला फक्त अरोमाटेज नावाचं एक विकर लागतं. हे विकर प्रत्येक पुरुषाच्या चरबीत, स्नायूंत, त्वचेत, मेंदूत रात्रंदिवस काम करत असतं. पुरुषाच्या रक्तातलं बहुतेक इस्ट्रोजेन त्याच्या स्वतःच्याच पुरुषी संप्रेरकांपासून असं तयार होतं.

हे काही चुकून होत नाही. त्याला त्या इस्ट्रोजेनची गरज असते. ज्या मोजक्या पुरुषांत जन्मतःच हे विकर नसतं, त्यांच्या हाडांची टोकं वेळेवर मिटत नाहीत. विशी उलटली तरी उंची वाढत राहते आणि हाडं मात्र ठिसूळ होतात. म्हणजे पुरुषाचा भक्कम सांगाडा उभा राहतो तोही इस्ट्रोजेनच्या आधाराने.

प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. टेस्टोस्टेरॉन उतरलं किंवा इस्ट्रोजेन चढलं की त्याची खबर अनेकदा छातीत लागते. स्तनाग्राच्या मागे घट्ट, लवचिक, कधी दुखरी अशी चकती तयार होते. वैद्यकशास्त्र तिला गायनेकोमॅस्टिया म्हणतं, जिममधली मुलं नुसतं ‘गायनो’ म्हणतात. ही वाढ कमी करणारी शस्त्रक्रिया आज प्लास्टिक सर्जन पुरुषांवर नेहमी करतात. तिच्या मागे तेराशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची एक वाट आपल्या पुण्यातूनही जाते.

मुनिरका आणि आसपास

हा विषय जवळून पाहायचा तर दक्षिण दिल्लीतलं मुनिरका ही फार योग्य जागा आहे. आउटर रिंग रोडला लागून असलेलं हे जुनं गाव आता शहराने चारही बाजूंनी वेढलं आहे. २०१८ पासून इथे मेट्रोच्या मॅजेंटा लाइनचं स्टेशनही आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेल्या इमारती, मजल्यावर मजले आणि त्यांत भाड्याच्या खोल्या. शेजारी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, थोडं पुढे आयआयटी. देशभरातून आलेली विशीतली मुलं इथे राहतात, आणि त्यांत मराठवाड्यातली, विदर्भातली, पश्चिम महाराष्ट्रातली मुलंही असतात.

पुरुषाचं शरीर समजून घेणाऱ्या, त्यावर उपचार करणाऱ्या आणि त्याची परीक्षा घेणाऱ्या मोठमोठ्या संस्था इथून काही किलोमीटरांच्या आत आहेत. बाबा गंगनाथ मार्गावर राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था आहे. विद्यापीठाच्या आवारालगत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी आहे. पूर्वेला रिंग रोडवर समोरासमोर एम्स आणि सफदरजंग रुग्णालय; सफदरजंगमध्ये भाजलेल्या रुग्णांचा आणि प्लास्टिक सर्जरीचा मोठा विभाग आहे. पश्चिमेला सुब्रतो पार्कमध्ये वायुसेनेची केंद्रीय वैद्यकीय आस्थापना, जिथे वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुणांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते.

या तपासणीत उमेदवाराला छाती उघडी करून उभं राहावं लागतं, आणि आपल्या सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांत गायनेकोमॅस्टिया हे तात्पुरतं अपात्र ठरवण्याचं कारण आहे. सातारा-सांगलीकडच्या भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या, लेखी परीक्षा आणि मुलाखत पार केलेल्या मुलाच्या कागदावर हा शब्द येतो, तेव्हा अनेकदा तो त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेला असतो. शस्त्रक्रिया करून, जखम नीट भरून आल्यावर त्याला पुन्हा तपासणीला उभं राहता येतं. पण सगळ्यांनाच असा कागद मिळत नाही. दिल्लीच्या जून महिन्यात शर्टाच्या आत दोन बनियन घालणारी, पोहायला न जाणारी, खांदे पुढे झुकवून चालणारी, वसतिगृहात दार लावल्याशिवाय कपडे न बदलणारी मुलं कुणाला काही सांगत नाहीत. आपल्याच वाट्याला हे का आलं, असं त्यांना वाटत राहतं. जीवशास्त्र मात्र सांगतं, की हे प्रत्येकाच्याच वाट्याला आलेलं आहे.

आधी स्तनाग्र, मग पुरुष

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा झाला की त्याच्या अंगावर काखेपासून जांघेपर्यंत, डाव्या-उजव्या बाजूंना, पेशींच्या दोन रेघा उमटतात. यांना दुग्धरेषा म्हणतात. कुत्रीला किंवा डुकरिणीला पोटभर आचळांच्या ओळी असतात, त्या याच रेषांवर. माणसात या रेषा लवकरच विरून जातात, फक्त छातीवरचा एकेक ठिपका मागे राहतो. काहींच्या पोटावर किंवा काखेजवळ तिळासारखं दिसणारं जादा स्तनाग्र असतं, तो याच रेषेचा उरलेला अंश.

पुरुषाच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन पाझरू लागतं ते साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास. तोवर स्तनाची जागा ठरून गेलेली असते. म्हणजे आपल्यातला प्रत्येक जण देहाने पुरुष होण्याआधीच स्तनाचा अंकुर घेऊन बसलेला असतो. पुढेही वयात येईपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या छातीतली रचना जवळपास सारखीच राहते: थोड्याशा नलिका आणि त्यांभोवती आधाराची ऊती.

निसर्गाला हे वेगळ्या रीतीने करता आलं असतं, आणि काही प्राण्यांत त्याने केलंही आहे. नर उंदराच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन स्तनाचा अंकुर मोडून टाकतं. म्हणून नर उंदराला स्तनाग्रं नसतात. घोड्यालाही सहसा नसतात. माणसाच्या गर्भात मात्र टेस्टोस्टेरॉन त्या अंकुराला हात लावत नाही. तो तसाच राहतो, आणि त्यातले इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राहीही शाबूत राहतात. अशा अंकुराकडून काय होऊ शकतं याचं एक टोक १९९४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं: मलेशियातल्या एका जातीच्या फलाहारी वटवाघळांच्या नरांच्या स्तनांत दूध आढळलं होतं.

तीन भरत्या

पुरुषाच्या आयुष्यात या अंकुराला तीन वेळा भरती येते, आणि या तिन्ही वेळा तो आजारी नसतो.

पहिली भरती जन्मताच. आईच्या रक्तातलं इस्ट्रोजेन वारेतून बाळापर्यंत पोचलेलं असतं. त्यामुळे ६० ते ९० टक्के नवजात बाळांच्या, मुलगा असो की मुलगी, स्तनांना तात्पुरती सूज असते. कधी कधी त्यातून दोन थेंब दूधही येतं. काही आठवड्यांत सगळं आपोआप ओसरतं. आपल्याकडे काही घरांत बाळाला न्हाऊ घालताना छाती दाबून ‘दूध काढण्याची’ पद्धत अजून आहे. ती थांबायला हवी. दाबल्याने जंतू आत शिरतात, गळू होतं, आणि जे आपोआप बरं होणार होतं त्याला चीर द्यावी लागते.

दुसरी भरती तेराव्या-चौदाव्या वर्षी. वयात येताना अंडकोष जागे होतात, पण सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांचा मेळ बसलेला नसतो. त्या काळात निम्म्याहून अधिक मुलांच्या छातीत कमी-अधिक गाठ हाताला लागते. शर्ट घासला तरी दुखतं. बहुतेकांत वर्ष-दोन वर्षांत ती विरते. आठवी-नववीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी निदान निम्मी या अनुभवातून जातात आणि प्रत्येक जण तो एकट्याचा समजतो.

तिसरी भरती पन्नाशीनंतर. टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरतं, अंगावर चरबी वाढते, आणि चरबी हेच अरोमाटेजचं मोठं घर. जितकी चरबी जास्त, तितकं टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनकडे जास्त वळतं. त्यात वयानुसार सुरू झालेल्या औषधांची भर पडते.

यात एक भेद नीट समजून घ्यायला हवा. लठ्ठ माणसाच्या छातीवर नुसतीच चरबी साठली तर ग्रंथी वाढलेली नसते. झोपवून, अंगठा आणि तर्जनी यांच्यात छाती हलकेच धरून स्तनाग्राकडे आणली की अनुभवी डॉक्टरांना फरक कळतो: चरबी मऊ असते आणि तिला कड नसते, ग्रंथीची घट्ट गोल कड मात्र बोटांना अडते. शंका राहिली तर सोनोग्राफी. हा भेद पुढे शस्त्रक्रियेत फार कामाला येतो.

छाती काय काय सांगते

तीन भरत्यांच्या पलीकडे जेव्हा पुरुषाचा स्तन वाढतो, तेव्हा तो शरीरात दुसरीकडे कुठेतरी घडलेल्या गोष्टीची बातमी देत असतो. त्या बातम्या किती दुरून आलेल्या असतात, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

दुसऱ्या महायुद्धात उपासमार सोसलेले युद्धकैदी सुटून आले. त्यांना पोटभर अन्न मिळू लागलं, वजन वाढू लागलं, आणि त्यांतल्या अनेकांचे स्तन वाढू लागले. उपासमारीत शरीराने प्रजननाची सगळी यंत्रणा मिटून घेतली होती. अन्न मिळताच मेंदूने अंडकोषांना पुन्हा हाक दिली, आणि तेरा-चौदाव्या वर्षी झाला होता तोच संप्रेरकांचा गोंधळ पुन्हा झाला. ते कैदी प्रौढपणी दुसऱ्यांदा वयात येत होते. मुनिरकाजवळचं सफदरजंग रुग्णालयही त्याच महायुद्धाचं अपत्य. दोस्त सैन्यासाठी उभं राहिलेलं ते लष्करी रुग्णालय १९५४ मध्ये भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आलं.

कुष्ठरोगाची बातमी वेगळ्या वाटेने येते. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग आवडतात: नाक, कानाच्या पाळ्या, त्वचेजवळच्या नसा आणि अंडकोष. रोग पसरलेल्या पुरुषांत अंडकोष सुकतात, टेस्टोस्टेरॉन घटतं आणि स्तन वाढतो. बसलेलं नाक आणि वाढलेली छाती ही एकाच जंतूच्या एकाच आवडीची दोन फळं आहेत. औषधांनी जंतू मेल्यावरही या खुणा राहतात, आणि बरा झालेला माणूस अनेकदा गावात परत जाऊ शकत नाही.

तिसरी बातमी एचसीजी या संप्रेरकाची. गर्भ राहिला की वारेच्या पेशी ते तयार करतात, आणि घरगुती गर्भचाचणीची पट्टी तेच ओळखते. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीचे संस्थापक संचालक जी. पी. तलवार यांनी याच संप्रेरकाविरुद्ध स्त्रियांसाठी गर्भनिरोधक लस तयार केली आणि तिच्या मानवी चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. अंडकोषाच्या काही कर्करोगांतल्या पेशीही एचसीजी तयार करतात. त्याने इस्ट्रोजेन वाढतं, स्तन वाढतो, आणि अशा पुरुषाची गर्भचाचणी ‘होय’ दाखवू शकते. म्हणून तरुणाच्या छातीत अचानक वाढ झाली की जाणता डॉक्टर अंडकोषही तपासतो. त्या एका तपासणीने काहींचा जीव वाचतो.

आणखीही बातम्या आहेत. यकृत सुकलं की इस्ट्रोजेन साठतं. थायरॉइड जास्त चालली की समतोल ढळतो. एक्स गुणसूत्र एक जास्त असलेल्या मुलांत, म्हणजे १९४२ मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर यांनी वर्णन केलेल्या स्थितीत, स्तनवाढ हे ठळक लक्षण असतं. हृदयविकारातलं स्पायरोनोलॅक्टोन, केस गळू नयेत म्हणून घेतलेलं फिनास्टेराइड, मनोविकारावरचं रिस्पेरिडोन, एचआयव्हीवरचं एफाविरेंझ ही सगळी औषधं हे करू शकतात.

आणि जिमच्या मागच्या दाराने येणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. दंड लवकर फुगावेत म्हणून घेतलेल्या या जादा संप्रेरकाचं शरीर काय करणार? अरोमाटेज त्यातला एक कार्बन काढून टाकतं. वर, बाहेरून इतकं मिळतंय म्हणून अंडकोष स्वतःचं काम बंद करतात. इंजेक्शनं थांबली की टेस्टोस्टेरॉन तळाला जातं आणि इस्ट्रोजेन वर राहतं. अधिक पुरुषी दिसण्यासाठी घेतलेलं औषध छातीत स्तन उभा करतं. रसायनशास्त्र इथे कुणाची भीड ठेवत नाही.

चंद्रकोरीचा छेद

सातव्या शतकात अलेक्झांड्रियात वैद्यकी करणाऱ्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात या शस्त्रक्रियेचं वर्णन केलं आहे. पुरुषाला यामुळे टोमणे सोसावे लागतात म्हणून शस्त्रक्रिया करणं योग्य, असं तो म्हणतो. मग कृती: स्तनाखाली चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घ्यायचा, त्वचा सोडवायची, आतली चरबी काढायची, टाके घालायचे. स्तन मोठा होऊन लोंबत असेल तर दोन चंद्रकोरी घ्यायच्या, एक लहान, एक मोठी, टोकांना मिळणाऱ्या. मधली जादा त्वचा काढून कडा जोडायच्या. पुढे इसवी सन १००० च्या सुमारास कोर्दोव्याच्या अल-झहरावीच्या ग्रंथातही हीच कृती आली. भूल नसलेल्या काळात माणसं हे सोसायला तयार होती, यावरून त्या टोमण्यांची धार कळते.

आता पुणं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपूच्या कैदेत सापडला होता. त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्यात एका कारागीर वैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवं नाक घडवलं. त्वचा उचलताना एक पट्टी मुद्दाम जोडलेली ठेवली, म्हणजे तिच्यातून रक्त वाहत राहील आणि नवं नाक जगेल. हे पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली, आणि युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी त्या वाटेने पुढे गेली. पुण्याच्या त्या अनाम कारागिराने दाखवलेलं तत्त्व एकच: जे जगवायचं आहे त्याचा रक्ताचा धागा तोडायचा नाही.

पुढे साधारण दीडशे वर्षांनी, १९५० च्या दशकात, डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकून परत आले आणि पुण्याच्या कोंढव्यातल्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम करू लागले. नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातला टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग त्यांनी उभा केला. ज्या काळात कुष्ठरोग्याला हात लावायला डॉक्टर कचरत, त्या काळात त्यांनी बसलेली नाकं, वाकडी बोटं, झडलेल्या भुवया यांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगाने वाढलेल्या पुरुषी स्तनाची शस्त्रक्रियाही याच पुनर्रचनेच्या शाखेत येते. रोग बरा होणं आणि माणूस माणसांत परत येणं यांत अंतर असतं, आणि ते कापायला सर्जनची सुरी लागते, हे त्यांच्या कामाने दाखवलं. कोंढव्याच्या रुग्णाची आणि मुनिरकाच्या खोलीतल्या विद्यार्थ्याची गरज मला एकच वाटते: अंगावरची खूण पुसून चारचौघांत उभं राहता यावं.

छातीच्या शस्त्रक्रियेला आजचं रूप विसाव्या शतकात आलं. १९२८ मध्ये फ्रान्सच्या लेऑन दुफुर्मांतेल यांनी आणि १९४६ मध्ये अमेरिकेच्या जेरोम वेब्स्टर यांनी छेद छातीखालून उचलून स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाशी आणला. गडद आणि उजळ त्वचा जिथे मिळते तिथे व्रण दिसेनासा होतो. पॉलची चंद्रकोर आकसून दोन-तीन सेंटिमीटरांची झाली. १९७३ मध्ये सायमन, हॉफमन आणि कान या तिघांनी वाढीच्या पायऱ्या लावल्या: थोडी वाढ, मध्यम वाढ पण त्वचा जादा नाही, मध्यम वाढ आणि त्वचाही जादा, आणि शेवटी स्त्रीच्या स्तनासारखी लोंबणारी मोठी वाढ. सर्जन आजही याच पायऱ्यांच्या भाषेत बोलतात. त्यानंतर पॅरिसच्या इव्ह-जेरार्ड इलूझ यांनी नळीने चरबी ओढून काढण्याचं तंत्र रूढ केलं, आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाचे जेफ्री क्लाइन यांनी त्यातला रक्तस्राव जवळजवळ थांबवण्याची रीत प्रसिद्ध केली.

काय ठेवायचं

सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. वयात येणाऱ्या मुलाला निदान दोन वर्षं थांबायला सांगतात. एखादं औषध कारण असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बदलतात. वाढ ताजी आणि दुखरी असेल तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. पण वर्षभर टिकलेल्या ग्रंथीत तंतुमय ऊती भरते, आणि मग ती गोळीला, व्यायामाला, उपासाला दाद देत नाही. छातीचे कितीही व्यायाम केले तरी स्नायू ग्रंथीच्या मागे असतो. तो वाढला की ग्रंथी आणखीच पुढे येते. कितीतरी मुलं वर्षानुवर्षं घाम गाळून स्वतःलाच दोष देतात, तो इथे संपायला हवा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्जन रुग्णाला उभं करून छातीवर मार्करने रेघा आखतात, कारण आडवं झालं की सगळं पसरतं आणि खऱ्या कडा लपतात. भूल दिल्यावर क्लाइन यांचा द्रव आत सोडतात: लिटरभर सलाईनमध्ये भूल देणारं लिग्नोकेन आणि जेमतेम एक मिलिग्रॅम अॅड्रेनलिन. अॅड्रेनलिनने बारीक रक्तवाहिन्या मिटतात, त्वचा पांढुरकी पडते, ऊती फुगून सैल होते. मग तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रातून नळी आत जाते आणि मागे-पुढे फिरत चरबी ओढून घेते. बोथट टोकाची नळी चरबीतून वाट काढते आणि नसा-रक्तवाहिन्यांचे धागे बऱ्याच अंशी तसेच सोडते.

चरबी निघाली तरी ग्रंथी उरते, कारण ती नळीतून येत नाही. त्यासाठी गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धवर्तुळाकार छेद. त्या लहानशा वाटेतून पांढरी, चिवट ग्रंथी छातीच्या स्नायूवरून सोडवून बाहेर काढतात. आणि इथे या शस्त्रक्रियेचं खरं मर्म येतं. सगळी ग्रंथी काढून टाकणं हाताला सोपं आहे, पण तसं केलं तर स्तनाग्र आत ओढलं जातं आणि छातीवर बशीसारखा खोलगट खड्डा पडतो. म्हणून स्तनाग्राच्या मागे साधारण सेंटिमीटरभर जाडीची चकती राखून ठेवतात. ती आधार देते आणि स्तनाग्राला रक्तही पुरवते. पुण्याच्या कारागिराने कपाळावरची पट्टी जोडलेली ठेवली, त्यामागेही हाच विचार होता. किती काढलं यावरून सर्जनची पारख होत नाही; बरोबर काय ठेवलं यावरून होते.

तरुण त्वचा हा आणखी एक चमत्कार. आतलं भरण गेल्यावर ती रिकामी लोंबायला हवी, पण पुढच्या काही महिन्यांत ती आकसून नव्या छातीवर बसते. त्यासाठी चार ते सहा आठवडे घट्ट बनियन घालावं लागतं. वाढ फारच मोठी असेल तर त्वचा आपसूक आकसत नाही. तेव्हा ती कापून काढावी लागते आणि पॉलच्या दोन चंद्रकोरींचा विचार पुन्हा कामाला येतो. कधी स्तनाग्र पूर्ण सुटं करून नव्या जागी रोपावं लागतं.

धोके लहान असले तरी खरे आहेत. आत रक्त साठून गाठ होणं ही सुरुवातीची सर्वांत नेहमीची अडचण. स्तनाग्राची संवेदना काही काळ बदलते. दोन बाजूंत थोडा फरक राहू शकतो. इंजेक्शनं किंवा मूळ आजार चालूच राहिला तर राखलेली चकती पुन्हा वाढू शकते. म्हणून जाहिरातीतल्या ‘सकाळी या, संध्याकाळी जा’ या वाक्यापलीकडे दोन प्रश्न विचारावेत: शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर प्लास्टिक सर्जरीची पदवी घेतलेला आहे का, आणि वाढीचं कारण शोधायच्या तपासण्या त्याने आधी केल्या का?

काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीत जायला हवी. स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ टक्का रुग्ण पुरुष असतात. पुरुषांना स्तन नसतोच असं धरून चालल्यामुळे त्यांची गाठ फार उशिरा दाखवली जाते. एकाच बाजूची, कडक, कडेला असलेली गाठ, ओढलेली त्वचा, स्तनाग्रातून येणारं रक्त यांपैकी काही दिसलं तर कुठल्याही वयात थांबू नये.

इतकं सगळं त्या एका कार्बनच्या फरकातून निघतं: आईचं रक्त, वयात येणं, उपासमार, एक जंतू, एक गोळी, पुण्यातली सुरी. पुरुषाची छाती हे सपाट, पुरं झालेलं काम आहे असं आपण मानून चाललो होतो. ती तर जन्मभर ऐकत आणि बोलत असते. तेव्हा घरातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उकाड्यात दोन बनियन घालायला लागला, पोहायचं टाळू लागला, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. पण त्याआधी त्याच्याजवळ बसून सांगा, की वर्गातल्या निम्म्या मुलांना हे झालंय किंवा होणार आहे, ते बहुतेक आपोआप जाईल, आणि नाहीच गेलं तर त्यावर नीट, चोख उपाय आहे. हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं, आणि त्याला सर्वांत आधी हेच ऐकायचं असतं.